पाळण्यात बसलेली चाळीस हजार माणसं

भोंगाकाकांना मरून आठ महिने झाले होते, पण तब्येत ठणठणीत होती. सकाळी दोन कप चहा, मग पेपर, मग पेपरातल्या चुकांबद्दल बायकोकडे तक्रार, हा क्रम मरणानंतरही बदलला नव्हता. मेले होते ते लेकीच्या गेममध्ये. 

त्यांना भोंगा का म्हणत ते आधी सांगायला हवं. बस आगारात चौतीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या घोषणा केल्या. आवाज असा, की पाच नंबरच्या फलाटाची घोषणा झाली की पत्र्यावरची कबुतरंसुद्धा चारवरून उठून पाचवर जाऊन बसत. हे ड्रायव्हर लोक सांगत, आणि ड्रायव्हर लोकांचं निम्मंच खरं धरायचं असतं. तरी निम्मी कबुतरं उरतातच. एवढा आवाज, पण त्यातून स्वतःचा शब्द म्हणून कधी निघाला नाही. खिडकीतून कंट्रोलरची चिठ्ठी यायची, ती वाचायची. गाडी कुठली, फलाट कुठला, वेळ काय. अकराव्या वर्षी एकदा गर्दी बघून त्यांनी शेवटी ‘सावकाश चढा’ असं आपलं जोडून दिलं, तर तिसऱ्या दिवशी हातात मेमो पडला. चिठ्ठीत नसलेला मजकूर कोणाच्या परवानगीने बोललात, याचा खुलासा करावा. पुढची तेवीस वर्षं त्यांनी खोकलासुद्धा माईकपासून तोंड फिरवून काढला.

दुसरा नियम मात्र त्यांचा स्वतःचा होता. माईक उघडा असताना गप्प राहायचं नाही. भोंग्यातून नुसती खरखर आली आणि शब्द आला नाही, की फलाटावरची माणसं दचकून वर बघतात. काहीतरी झालं असं त्यांना वाटतं.

आता गेमचं. त्यांची लेक चाळीशीला टेकली होती, तरी घरात ती बेबीच. टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर सहा माणसांची एक कंपनी होती, तिथे ती गेमच्या गोष्टी लिहायची. या गेममध्ये खेळणारा माणूस नकाशे काढणारा असतो. एका डोंगराचा नकाशा करायला तो येतो, आणि त्याला वाट दाखवायला एक म्हातारा मिळतो. सबंध गेमभर म्हातारा बरोबर. वाट चुकली की टोमणे मारतो, चढ आला की स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या घालतो, खेळणाऱ्याला ‘पाहुण्या’ म्हणतो. शेवटी डोंगर खचायला लागतो. दरीवर एक तार, तारेला लाकडी पाळणा, आणि पाळणा पलीकडे न्यायला अलीकडे एक हातानं फिरवायचं चाक. चाक फिरवणारा अलीकडेच राहणार, हे उघड. तुम्ही पाळण्यात बसता, बटण दाबता, म्हातारा चाक फिरवतो, तुम्ही पोचता; आणि मागे डोंगर म्हाताऱ्यासकट बसतो.

म्हाताऱ्याच्या आवाजासाठी आधी एक पट्टीचा नट आणला होता. पण तो प्रत्येक वाक्याला एवढा मरायचा, की शेवटच्या प्रसंगासाठी काही शिल्लकच राहीना. मग बेबी म्हणाली, माझ्या बाबांना विचारू का.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे गाद्या ठोकलेलं एक कपाट होतं. काचेपलीकडे आवाज टिपणारा बसायचा. त्याला सगळे कानसेन म्हणत, कारण शेजारच्या इमारतीत कोणी चमचा ढवळला तरी तो हात वर करून रेकॉर्डिंग थांबवायचा. काका चिठ्ठी वाचावी तशी पानामागून पानं वाचत गेले. पुढचं पान आधी बघायचं नाही, ही आगाराची सवय. सगळं सुरळीत चाललं, आणि नेमकं मरायच्या वेळी पान घसरून टेबलाखाली गेलं. माईक उघडा. एक सेकंद गेला, दोन गेले, चार गेले.  आता फलाटावरची माणसं वर बघणार, या धास्तीनं तोंडाला येईल ते बोलून गेले, “खाली बघू नकोस. मी आहे इथं.” आणि लगेच, “माझा कागद कुठं गेला?”

कागदाचं तेवढं कापून टाकलं. बाकीचं राहिलं. कानसेननं कानावरचे डबे काढून डोळे पुसले आणि म्हणाला, “काका, कागद राहू द्या आता.” बेबीनंही मान डोलावली. त्या पानावर तिनं लिहिलेल्या सहा ओळी होत्या, त्या टेबलाखालीच राहिल्या.

गेम आला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. आणि घेतलं कशाला, तर त्या एका वाक्याला. लोकांनी ते वहीवर लिहिलं, भिंतीवर लिहिलं, अंगावरच्या कपड्यांवर छापलं. एकदा बसमध्ये काकांच्या पुढे उभ्या असलेल्या बाईच्या पाठीवरच त्यांचं वाक्य होतं. काका स्वतःचा स्टॉप सोडून दोन स्टॉप पुढे गेले. तिला सांगितलं नाही. सांगणार काय, बाई, तुमच्या पाठीवर मी आहे? पण उलट चालत येताना गुडघ्यांनी जराही कुरकुर केली नाही. चौतीस वर्षं आणि वर आयुष्यभर, त्यात चिठ्ठीशिवायचं असं हे एकच वाक्य, ज्याला मेमो आला नव्हता.

आणि मग लोकांना ते मरण सोसेना.

आधी पत्रं आली, मग सह्यांचा अर्ज आला : म्हाताऱ्याला वाचवा. साठ हजार सह्या. एकानं म्हाताऱ्यासाठी स्वेटर विणून पाठवला. एका निवृत्त न्यायाधीशानं बावीस पानी निकाल पाठवला, की पाळणा एकाचाच आहे याचा कोणताही पुरावा गेममध्ये आढळत नाही, सबब म्हाताऱ्यास बसू द्यावे. एका गणिताच्या प्राध्यापिकेनं डोंगर खचायचा वेग आणि चाकाचे फेरे मांडून चार सेकंद शिल्लक राहतात असं सिद्ध केलं. आणि एका इंजिनिअरनं तर नकाशाच धाडला : चाकाला दगड बांधायचा, दगड खाली जाईल, चाक आपोआप फिरेल, म्हाताऱ्यानं उडी मारून पाळण्यात बसायचं.

कंपनीचा मालक म्हणजे बेबीचाच वर्गमित्र. हुशार, पण काळजीनं वाळलेला. त्याच्या टेबलावर पूर्ण उंचीची एकही पेन्सिल नव्हती, सगळ्या चावून अर्ध्या झालेल्या. लोक गेमला वाईट शेरे द्यायला लागले तशा त्या पाव झाल्या. शेवटी त्यानं ठरवलं. इंजिनिअरचा दगड घ्यायचा. पुढच्या अपडेटमध्ये म्हातारा पाळण्यात येईल, आणि पलीकडे गेल्यावरच्या त्याच्या बेचाळीस वाक्यांसाठी काकांना पुन्हा कपाटात बसावं लागेल. अपडेट आलं की जुना शेवट सगळ्यांच्याच गेममधून जाईल.

बेबीनं हे घरी सांगितलं तेव्हा काका मटार सोलत होते.

“म्हणजे मी पाळण्यात?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग ‘मी आहे इथं’ कुठून म्हणणार?”

“ते जाईल बाबा. तुम्ही तिथं नसालच ना.”

काकांनी एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले, साल चुकून वाटीतच टाकलं. “नाही,” ते म्हणाले.

“नाही म्हणजे?”

“मी मेलोय ते बरं आहे. मी काही येत नाही.”

बायकोनं वाटीतलं साल उचललं. ती शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, त्यामुळे तिला कुठलंही वाक्य शेरा मारल्याशिवाय सोडवत नसे. “जगायला नको म्हणून रुसलेली माणसं ऐकली होती. मरण काढून घेतात म्हणून रुसलेला माझ्याच वाट्याला यायचा होता.”

“तुला नाही कळायचं.”

“मला एवढंच कळतं, की साठ हजार लोकांना हा माणूस जिवंत हवाय. त्यांना कुणी सांगा की याला रोज तीनदा चष्मा शोधून द्यावा लागतो.”

काका हसले नाहीत. बेबीला म्हणाले, “हे बघ, फलाट बदलला की दुसरी घोषणा करतात. पण पहिली ज्यांनी ऐकली ती माणसं दुसरी ऐकतच नाहीत. ती जुन्या फलाटावर उभीच राहतात. ज्यांनी मला मरताना पाहिलं, रडले, त्यांचं काय करणार तुम्ही? त्यांना काय सांगणार, चुकून रडलात?”

मुद्दा बिनतोड होता आणि तो पुढे करणारा माणूस अर्धंच खरं बोलत होता. उरलेलं अर्धं तो स्वतःच्या बायकोलाही सांगू शकत नव्हता : की ते एवढं एकच वाक्य आहे माझं, ते काढू नका.

बेबी म्हणाली, “तुम्ही नाही म्हणालात तर मालक तुमच्या आधीच्या रेकॉर्डिंगमधून शब्द जोडून घेईल. मशीन करतं हल्ली.”

“करू देत. आगारातही आता मशीनच बोलतं. गाडी आणि तिचा फलाट यांची आयुष्यात कधी गाठ पडलेली नसावी असं बोलतं.” आणि मग, “ती पत्रं कुठं आहेत? मला वाचायची आहेत. मला कशाला जगवतायत ते तरी बघू.”

दुसऱ्या दिवसापासून काका डबा घेऊन कंपनीत जायला लागले. जिन्यात टायरचा वास, वर पंख्याची घरघर, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर छापून ठेवलेल्या पत्रांचा ढीग. चौतीस वर्षं चिठ्ठ्या वाचलेला माणूस. पत्र वाचायचं म्हणजे ओठ हलवत, एकही शब्द न गाळता. तीन दिवस ते वाचत होते. पहिल्या दिवशी त्यांना गंमत वाटली, दुसऱ्या दिवशी छाती फुगली. तिसऱ्या दिवशी दोन गोष्टी ध्यानात आल्या, आणि छाती आपल्या जागी परत आली.

पहिली गोष्ट एका बाईच्या पत्रातली. ती घरी शिवणकाम करायची. तिनं लिहिलं होतं : ‘मी पाळण्यात बसले आहे, पण बटण दाबलेलं नाही. दाबलं की ते मरतात असं भाचीनं सांगितलं. बटण दाबलं नाही तर ते दर अर्ध्या मिनिटानं “बसलास का, पाहुण्या?” एवढंच विचारत राहतात. भाजी चिरताना मी गेम चालू ठेवते. सोबत होते. असे सात महिने झाले. कृपा करून त्यांना वाचवा, म्हणजे मला पलीकडे जाता येईल.’

काकांनी ते पत्र दोनदा वाचलं. उठून मालकाकडे गेले. “ही बाई सात महिने फलाटावर उभी आहे.”

“कोण बाई?”

“अशा आणखी किती आहेत ते कळतं का तुम्हाला?”

कळत होतं. कोण कुठवर पोचलं याची खबर गेम कंपनीला देतच असतो, फक्त आजवर कोणी विचारलं नव्हतं. मालकानं पेन्सिल तोंडातून काढून टाइप केलं, आकडा आला आणि तो पेन्सिल परत तोंडात घालायला विसरला. पाळण्यात बसून बटण न दाबलेली माणसं चाळीस हजार. आणि अर्जावरच्या सह्यांशी ताडून बघितलं तर ती बहुतेक त्याच साठ हजारांतली. म्हाताऱ्याला वाचवा म्हणून ओरडणाऱ्या दर तिघांतल्या दोघांनी म्हातारा मरताना पाहिलाच नव्हता. नुसतं ऐकून होते. ज्यांनी पाहिला होता त्यातले बरेचसे रडून, डोळे पुसून, आपापल्या कामाला लागले होते.

“चाळीस हजार,” काका म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. चौतीस वर्षांत त्यांनी गाड्या उशिरा सोडल्या होत्या, चुकीच्या फलाटावर सोडल्या होत्या, एकदा तर ड्रायव्हरशिवाय सोडायची घोषणा केली होती. पण भरलेला फलाट तसाच ठेवून कधी घरी गेले नव्हते.

दुसरी गोष्ट मात्र त्यांनी मालकाला सांगितली नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी बेबीला रेकॉर्डिंगच्या कपाटात बोलावलं. गाद्यांमध्ये बोललं की आवाज जागच्या जागी पडतो. घरात तसं बोलता येत नाही.

“प्रत्येक पत्रात तुझी तारीफ आहे,” ते म्हणाले. “लेखिकेनं काय वाक्य लिहिलंय, लेखिकेला दंडवत.”

बेबी दाराला टेकून उभी राहिली.

“तुला ते वाक्य काढायचंच आहे. मालकाला दगडाची कल्पना आवडली ती तुझ्याचमुळे. कानसेननं सांगितलं.”

“त्याला पोटात काही ठेवता येत नाही,” बेबी म्हणाली. मग खाली बघत, “हो. काढायचंय.”

“का गं?”

“आठ महिने लोक पाठ थोपटतायत बाबा, आणि पाठ तुमची आहे. पहिल्या मुलाखतीत सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मग दुसऱ्या वेळी सांगणं आणखी अवघड झालं. आता कुणी ते वाक्य म्हटलं की मला जिना उतरून पळून जावंसं वाटतं. आणि खरं सांगू? मी सहा ओळी लिहिल्या होत्या. अकरा वेळा खोडून. त्या टेबलाखाली गेल्या, आणि तुम्ही घाबरून सहा शब्द बोललात, ते माझ्या सहा ओळींपेक्षा चांगले निघाले. राग कोणावर काढायचा? टेबलावर?”

काकांना काही बोलायचं होतं, पण त्यांच्याकडे चिठ्ठी नव्हती. शेवटी म्हणाले, “त्या ओळी मी वाचल्याच नाहीत. पुढचं पान आधी बघत नाही ना मी. आहेत का कुठं?”

होत्या. त्या दिवशी सगळे गेल्यावर बेबीनंच वाकून पान उचललं होतं. टेबलाच्या खणातून तिनं ते आणलं. त्यावर कानसेनच्या बुटाचा ठसा होता. काकांनी चष्मा शोधला, तो कपाळावरच होता, आणि ओठ हलवत वाचायला लागले.

‘या चाकाला किती वर्षं झाली ते चाकालाच ठाऊक. किती माणसं पाठवली ते मीही मोजलं नाही. वारा आला तर घाबरू नकोस, वारा इथलाच आहे. मी माणसं निघताना पाहिली, पोचताना एकही नाही. पोचली असतील असं समजून मी घरी जायचो. तू पोचलास की तार एकदा हलव, म्हणजे मला कळेल.’

वाचून झालं तरी त्यांनी पान खाली ठेवलं नाही.

“हे तुला कुणी सांगितलं?”

“काय?”

“पोचल्याचं कळत नाही हे.”

“तुम्हीच. मी सातवीत होते. शाळेच्या सहलीची गाडी तुम्हीच सोडली होती. मी परत आल्यावर तुम्ही आईला म्हणालात, इतक्या गाड्या सोडल्या, पोचलेली कळली ती ही एकच.”

काकांना आठवत नव्हतं. आठवायचा प्रयत्न करत ते उभे राहिले. आठ महिने ते आपलं एक वाक्य छातीशी धरून बसले होते. आणि त्याच्या आधी कधीतरी ही पोर त्यांच्या चौतीस वर्षांचं सार एका पानावर लिहून बसली होती, आणि ते त्यांनी बघितलंही नव्हतं.

“माझं काढ,” ते म्हणाले. “हे घाल.”

“नाही.”

“अगं, मी सांगतोय ना.”

“मी पण सांगतेय. तुमचं काढलं तर लोक माझं घर शोधत येतील. आणि ते चांगलं आहे बाबा. त्याचाच तर त्रास आहे.”

काका पान हातात घेऊन आकड्याचा विचार करत होते. चाळीस हजार. मग त्यांच्या डोळ्यांत एकदम आगारातली चमक आली, जी आली की कंट्रोलर लोक खिडकी लावून घेत. “एकाच गाडीला दोन घोषणा असतात,” ते म्हणाले. “पहिली निघणाऱ्यांसाठी. शेवटची रेंगाळणाऱ्यांसाठी. तुमच्या गेममध्ये पहिलीच आहे फक्त. जो लगेच बटण दाबतो त्याला माझं वाक्य पुरतं. जो बसून राहिला त्याला म्हातारा काय म्हणतो? बसलास का, बसलास का. अरे, बसलाय तो. त्याला निघायचं कसं ते सांगा.”

मालकाला पटवायला अख्खी दुपार गेली आणि दोन पेन्सिली गेल्या. लोक जीव मागतायत, आणि तुम्ही चार ओळी देताय, असं त्याचं म्हणणं. काका म्हणाले, “लोक जीव मागत नाहीत हो. पलीकडे जायची सोय मागतायत. मला मागे टाकून गेल्यासारखं त्यांना वाटू नये, एवढंच. तार हलवायला मिळाली तर मागे टाकलं असं होत नाही, कळवलं असं होतं.”

“आणि नाही गेले तर?”

“तर बांधा तुमचा दगड. मी बेचाळीसच्या बेचाळीस वाक्यं वाचीन. चोख वाचीन.”

मालकानं पंधरा दिवस दिले.

बेबीनं स्वतःच्या सहा ओळींतल्या दोन कापल्या. वाऱ्याची गेली आणि चाकाला ठाऊक असलेली गेली. काका म्हणाले, वाऱ्याची ठेव, ती बरी आहे. ती म्हणाली, लेखक मी आहे, मेमो देईन. उरलेल्या काकांनी कपाटात बसून एका दमात वाचल्या. या वेळी पान आधी वाचलेलं होतं, तरी शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज जरा गडबडला. कानसेननं हात वर केला नाही. मग गेम बनवणाऱ्यांनी त्या ओळी पाळण्यात बसून राहिलेल्यांसाठी ‘बसलास का’च्या जोडीला घातल्या आणि पलीकडच्या काठाला तार हलवायची सोय केली. तुम्ही पोचता, तार हलवता, दूर अलीकडे म्हातारा चाकावरचा हात उचलतो, आणि मगच डोंगर बसतो. अपडेटबरोबर खेळणाऱ्यांसाठी चार शब्द लिहावे लागतात, ते बेबीनं लिहिले. त्यात शेवटी होतं : ‘मी आहे इथं’ हे वाक्य माझं नाही. ते माझ्या बाबांचं आहे. मी हे आधीच सांगायला हवं होतं.

मालक ते वाचून म्हणाला, हे कशाला. बेबी म्हणाली, असू दे. त्यावर लोकांनी दोन दिवस तिला बरंच काही सुनावलं. काहींनी तिच्या चार ओळी वाचून सुनावणं अर्ध्यावर सोडलं. तिनं सगळं वाचलं, आणि जिना उतरून पळून गेली नाही.

पहिल्या दिवशी पाळण्यातून फक्त नऊशे माणसं हलली. काका जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सहा हजार गेली. “किती राहिले?” हा प्रश्न ते बेबीला फोनवर दिवसातून इतक्यांदा विचारत, की बायकोनं शेवटी आकडा खडूनं स्वयंपाकघराच्या फळीवर लिहून ठेवायला सुरुवात केली, शाळेत पट लिहायची तसा, उपस्थित इतके, गैरहजर इतके. नवव्या दिवशी बारा हजार राहिले. न्यायाधीशांनी कळवलं, की आपण तार सत्तर वेळा हलवली आणि निकाल मागे घेत आहोत. गणिताच्या प्राध्यापिका मात्र चार सेकंदांवर अडून होत्या, आणि त्या तशाच राहिल्या.

पंधराव्या दिवशी फळीवर आकडा होता तीनशे बारा.

मालक स्वतः घरी आला. त्याच्या खिशात कोरी, पूर्ण उंचीची पेन्सिल होती. दगड आता बांधायचा नाही, हे त्यानं दारातच सांगून टाकलं. पण चहा घेता घेता त्याची काळजी पुन्हा उगवलीच. “हे तीनशे बारा, काका. यांच्यासाठी काय करायचं? तिसरी घोषणा करू या का? बेबी लिहील अजून एक पान.”

बेबीनं बाबांकडे बघितलं. तीही तेच विचारणार होती.

काका फळीवरच्या आकड्याकडे बघत राहिले. “ती शिवणकामवाली बाई त्यात आहे का?”

बेबीनं फोनवर बघितलं. “आहे.”

“असणारच.” काकांनी कप खाली ठेवला. “प्रत्येक स्टँडवर अशी माणसं असतात. पिशवी बरोबर असते, कपडे बाहेरचे असतात, पण त्यांना कुठंच जायचं नसतं. सकाळी येतात, बाकावर बसतात, गाड्या बघतात, संध्याकाळी घरी जातात. नवीन असताना मी एकाला जाऊन विचारलं होतं, आजोबा, तुमची गाडी कुठली. ते म्हणाले, माझी नाही रे बाबा, मी ऐकायला येतो.”

“मग?” मालक म्हणाला.

“मग काय. त्यांच्यासाठी घोषणा नसते. त्यांना हलवायचं नाही.”

“म्हणजे काहीच करायचं नाही?”

“आहे ते बंद करू नका. पुढं कधी नवीन अपडेट येईल, नवीन गेम येईल, कोणीतरी म्हणेल हे जुनं कोण बघतंय, काढून टाका. तेव्हा काढू नका. तिची भाजी चिरून होईपर्यंत कोणीतरी अर्ध्या मिनिटानं विचारायला हवं, बसलास का म्हणून.”

मालकानं ते कागदावर लिहून घेतलं. काकांनी मान लांब करून, ओठ हलवत, त्यानं काय लिहिलंय ते वाचलं, आणि एक शब्द बदलायला लावला : ‘राहिलेले’ खोडून ‘ऐकणारे’.